सोन्याची वीट, कॉटन ग्रीन स्टेशनपासून पाच मिनिटांवर

गुप्तधनाची गोष्ट मुंबईच्या काळाचौकीत सांगायची, तर हार्बर लाइनला पर्याय नाही. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड असे एकेक स्टेशन घेत सांगणारा सोन्याची वीट कॉटन ग्रीनला उतरवतो आणि जवळच्या एखाद्या बुजवलेल्या विहिरीत टाकतो. स्टेशने खरी, विहीरही होती. मग वीटच तेवढी खोटी कशी, हा श्रोत्यांचा बिनतोड सवाल.

गोष्टीचा गाभा अस्सल आहे. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि ३१ खोक्यांत सोन्याच्या विटा. दारूगोळ्याच्या शेजारी कापूस रचणाऱ्याची अक्कल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १४ तारखेला दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. विटा दूरवर उडाल्या. मैलभरावर एका पारशी गृहस्थांच्या घरी एक येऊन पडली, ती त्यांनी परत केली. (आख्यायिकेतून हे गृहस्थ हमखास गाळले जातात; त्यांच्यामुळे गोष्ट लगेच संपते.) १९७०च्या दशकातही गोदीचा गाळ उपसताना विटा निघाल्या आणि सरकारजमा झाल्या.

तरीही विहीर सिद्ध होत नाही. सोन्याचा पुरावा जहाजावरच्या मालाच्या नोंदीत आणि परत आलेल्या विटांत आहे. स्थळनावांवरून कळते ते एवढेच, की सांगणाऱ्याला कुठे उतरायचे ते ठाऊक आहे. थाप मारणाराही पत्ता खराच देतो, कारण पत्ता चुकला तर श्रोते जागच्या जागी पकडतात. सोने कोणी तपासत नाही. तपासायचेच तर वजन पाहावे. एक वीट साडेबारा किलोच्या पुढे. कोणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले, ही बातमी ज्या चाळीत चहाला उकळी फुटायच्या आत तिसऱ्या मजल्यावर पोचते, तिथे एवढे ओझे घेऊन विहिरीकडे निघालेला माणूस कोणत्याच गॅलरीतून दिसला नाही, हे मानायला मोठी श्रद्धा लागते.

खऱ्या जागेला मात्र या गोष्टीत भाव नाही. व्हिक्टोरिया गोदी भराव टाकून बुजवली आहे. तिथे स्टेशन नाही, चाळ नाही, ओळखीचे कोणी राहत नाही. असल्या ठिकाणी सोने पुरून सांगणाऱ्याचा काय फायदा?