फक्त बोलायचं बाकी

पिंप्राळा जळगाव महापालिकेत गेलं, शेतांचे प्लॉट झाले, तरी गल्लीगल्लीत एखादे आप्पा अजून शिल्लक आहेत. नाव काहीही असो, दारात एक बैल असतो आणि तोंडात एकच वाक्य: "त्याले समदं समजस. फक्त बोलानं बाकी शे."

ही बाकी आप्पा स्वतः भरतात. त्यांच्या बैलाने, सर्जाने, कान हलवला की तो काय म्हणाला ते आप्पा सांगणार. बांधावरून भाऊबंदकी पेटली तेव्हा सर्जाची साक्ष आप्पांच्या बाजूने पडली. सुनेने चहात साखर कमी घातली, तेही सर्जालाच खटकलं. दोघांचं मत आजवर कधी वेगळं पडलेलं नाही. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा सर्जाने रथापुढे मान लववली म्हणे. मान लववली हे खरं. खाली फराळाच्या केळ्याची साल पडली होती, हेही खरं.

पुतण्या बी.एस्सी. झालेला. त्याने विचारलं, "मग बोलत का नाही?"

"नरडं तसं नही."

आप्पा इथे एकटे नाहीत. माकडाच्या घशाच्या ठेवणीत माणसाचे स्वर बसत नाहीत, असं फिलिप लीबरमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडलं आणि ते बरीच वर्षं चाललं. मग २०१६ साली टेकम्सेह फिच आणि मंडळींनी मकाक माकडाच्या हलत्या घशाची क्ष-किरण चित्रं घेतली, त्यावरून संगणकावर आवाज काढून पाहिले. घसा बोलण्याजोगा निघाला! अडतं ते वर. माणसाच्या मेंदूच्या बाहेरच्या थरातून काही तंतू थेट स्वरयंत्र हलवणाऱ्या पेशींपर्यंत जातात; माकडात ही थेट जोडणी सापडत नाही. माकडाला भूक लागली, ते भ्यालं, की आवाज निघतो. पण ठरवून, शब्दाला शब्द जोडून काढणं जमत नाही.

"म्हंजे नरडं चालू, वायरिंग नही," आप्पा म्हणाले. "असा ते आपला गल्लीम्हा बी दोन-चार शेतस."

"पण पोपट?" हा त्यांचा पुढचा वार. पोपटाला ऐकलेला आवाज शिकून काढायची मेंदूतच सोय आहे, आवाजाचं यंत्र श्वासनळीच्या तळाशी. म्हणून तो विठ्ठल विठ्ठल म्हणतो. आप्पांचा स्वतःचा पोपट हल्ली मेव्हण्याकडे असतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पाळता येत नाही, त्यामुळे मेव्हण्याचं गाव कोणतं ते आप्पा सांगत नाहीत. तेवढी एक गोष्ट सर्जालाही ठाऊक नसावी.

पुतण्या आवरेना, तेव्हा आप्पांनी हुकमाचं पान टाकलं: पैठणला ज्ञानोबा माउलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. पुतण्या गप्प. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे. समाधीपुढे मकाक माकडाचं काय चालणार?

आप्पा मिशीवर हात फिरवत असताना ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या जीजींनी मान वर न करता विचारलं, "आन सर्जा खरंच बोलाले लागना ते?"

"लागू दे ना."

"पहिले सरकी ढेपना पैसा कोठे जातस ते सांगी."

आप्पांनी सर्जाकडे पाहिलं. सर्जा रवंथ करत होता.

"त्याले आते झोप येई ऱ्हायनी," आप्पा म्हणाले आणि चपला शोधू लागले.