आधी तुम्ही

नानांना ट्रॅकवर काळा झेंडा दाखवला, तेव्हा त्यांनी हेल्मेटसकट मान लववून झेंडेवाल्याला नमस्कार केला. काळा झेंडा आणि शेजारच्या पाटीवर आपला नंबर, याचा अर्थ ‘गाडी आत आणा, तुमच्याशी बोलायचं आहे’ असा असतो. आणि ते बोलणं काही चहापाण्याचं नसतं. झेंडा दिसला की भलेभले टाकीवर मूठ आपटतात. नाना मात्र एवढ्या गर्दीतून कुणीतरी आपल्यालाच बोलावलं, या समाधानात आत आले.

नाना म्हणजे ‘आधी तुम्ही’ या संप्रदायाचे माळकरी. लिफ्टचं दार धरून उभे राहणार, अख्खी सोसायटी आत शिरणार, आणि वजन जास्त झाल्याची घंटी वाजली की नाना जिन्याने जाणार. लग्नात बुफेच्या रांगेत मागच्या प्रत्येकाला पुढे घालत ते जिलबीपर्यंत पोचतात तेव्हा ताटात पाक उरलेला असतो, आणि ‘नाहीतरी मला गोड वर्ज्यच आहे’ असं तेच वाढप्याला समजावतात. पंक्चरवाल्याच्या हाताखालच्या पोरालासुद्धा ‘अहो’. एकतीस वर्षं बँकेत कॅश काउंटरला काढली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि चोपन्नाव्या वर्षी एके दिवशी नारिंगी रंगाची केटीएम आरसी 390 घेऊन घरी आले. वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, “घेतलीत खरी, पण पुण्यात तुम्हाला ती चालवू कोण देणार?”

वहिनींचं बरोबरच होतं. कर्वे रस्त्यावर नाना बसला साईड देतात, बसच्या मागून रिक्षा घुसते, रिक्षामागून स्कूटरवरच्या काकू, आणि तेवढ्यात दिवा लाल होतो. एकदा एकाच सिग्नलला त्यांनी तीन हिरवे दिवे बघितले. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी फिरवायचा दिवस, शोधून काढला. “तिथे म्हणे समोरून कुणी येत नाही,” मला म्हणाले. “आणि मध्ये कुत्रीही नसतात.” (2011 साली बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनच्या पहिल्याच सरावात कुत्रं शिरलं होतं, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. नाना त्यालाही साईड द्यायच्या तयारीने निघाले असते.)

ट्रॅक चेन्नईजवळ, इरुंगट्टुकोट्टईला. वारज्याच्या पुलाशी धडधडणारा आपला 48 नंबरचा हायवे कोल्हापूर, हुबळी, बंगळूर करत थेट त्या गावावरून जातो. म्हणजे पुणेकराने एकही वळण न चुकवता बाराशे किलोमीटर जायचं, आणि मग 3.717 किलोमीटरच्या रिंगणात बारा वळणं घेत दिवसभर फिरायचं. तिकडे पूर्वी शोलावरमच्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. 1990 पासून हा ट्रॅक आहे. आम्ही चौघांनी मिळून टेम्पो केला. टेम्पोत गाड्या चढवताना कुणाची आधी चढवायची यावर वाद झाला नाही, हे सांगायला नकोच.

ट्रॅकवर पोचल्यावर पहिलं काम सह्यांचं. काही झालं तर जबाबदारी ज्याची त्याची, असा तो करारनामा असतो. आम्ही तिघांनी बोट ठेवलं तिथे सही ठोकून दिली. नानांनी टेबलापाशी खुर्ची ओढली, चष्मा काढला, दुसरा चष्मा लावला, आणि चारही पानं शब्द न् शब्द वाचली. तिसऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मागे रांग खोळंबली होती, पण कागद वाचताना मात्र नाना कुणालाही पुढे घालत नाहीत. बँकेचा संस्कार आहे तो.

मग गाडीची तपासणी. इंजिनातलं हिरवं कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरायचं, कारण कूलंट सांडलं तर रस्ता तेलकट होतो आणि लवकर वाळत नाही. मागून येणारा त्यावरून घसरतो. दिव्यांच्या काचांवर टेप, म्हणजे फुटल्या तरी तुकडे पसरणार नाहीत. नानांनी पुढच्या दिव्याला टेप लावली ती जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हर घालतात तशी, कोपरे दुमडून, नखाने घडी दाबून. तपासनीस गाडीभोवती फिरला, चेन हलवून बघितली, आणि आरशांकडे बोट करून म्हणाला, “हे काढा.”

नानांचा चेहरा उतरला. “मग मागचं कसं दिसणार?”

“बघायचंच नाही, सर.”

“पण मागून कुणी घाईत आलं तर?”

“त्याचं तो बघेल.”

हे वाक्य नानांनी एखादा अपशब्द ऐकावा तसं ऐकलं. पण आरसे काढले. रुमालात गुंडाळले आणि पिशवीत चिवड्याच्या डब्यावर ठेवले.

ब्रीफिंगला शिकवणारा मुलगा पंचविशीतला, नाकाला पांढरं सनस्क्रीन. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश आत या. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. डावा हात वर केलात तर त्याचा अर्थ ‘मी वेग कमी करतोय, आत चाललोय’. नवशिक्यांच्या गटात वळणात आतून घुसायचं नाही. सरळ रस्त्यावर, अंतर ठेवून पुढे जायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ओव्हरटेक सुरक्षित करण्याची जबाबदारी संपूर्णपणे मागच्याची. पुढच्याचं काम एकच, आपली लाईन सोडायची नाही, म्हणजे तो पुढच्या क्षणी कुठे असेल हे मागच्याला आधीच कळतं. नाना डायरीत सगळं उतरवून घेत होते. मी सेल्फी काढत होतो.

पहिल्या सेशनला नानांनी हाहाकार उडवला. तेही ताशी साठच्या वेगाने. दर वळणाआधी मान वळवून मागे बघायचं. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की गाडी. कुणी दिसलं की ॲक्सिलरेटर सोडायचा, कडेला सरकायचं, आणि डावा हात हलवून ‘या, या, व्हा पुढे’. मागच्याला वाटायचं, हा आत चाललाय. तो उजवीकडून निघायचा. तेवढ्यात नाना दुसऱ्या कुणाला वाट देण्यासाठी उजवीकडे आलेले असायचे. पंधरा मिनिटांत चार जणांनी देवाचं नाव घेतलं, त्यातल्या तिघांनी तमिळमध्ये.

खरं तर आमच्या गटात भीती वाटावी अशी दुसरीच मंडळी होती. ताम्हिणी घाटात रविवारी सकाळी गुडघे घासून आलेले, पोहे खाताना लॅप टायमिंग सांगणारे, पडल्यावर ‘टायर थंड होते’ म्हणणारे. पण वाघ लांबूनच दिसतो. मार्शल त्याच्यावर नजर ठेवून असतात, मागचा अंतर राखतो. सज्जन माणसाचा बंदोबस्त कसा करायचा हे कुठल्याच झेंड्यावर लिहिलेलं नाही.

सेशननंतर तो सनस्क्रीनवाला मुलगा नानांना बाजूला घेऊन बसला. मी भाषांतराला.

“म्हणजे मी एखाद्याला वाट दिली तर तो पडू शकतो?” नाना.

“हो.”

“आणि नाही दिली तर?”

“तर तो तुम्हाला बघून जागा शोधेल आणि जाईल.”

“पण हे उद्धटपणाचं नाही का होत?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. उद्धटपणाला इंग्रजी शब्द मला माहीत होता, पण नानांची अडचण त्या शब्दात मावणारी नव्हती. नानांनीच मग डबा उघडला, आम्हाला चिवडा दिला, आणि बराच वेळ विचार करून म्हणाले, “कळलं. नोटा मोजताना मान वर करायची नाही. काउंटरपलीकडचा कितीही खोकला, काचेवर किल्ली वाजवली, तरी गड्डी पुरी करायची. वर बघितलं की चुकलं. आणि ती चूक शेवटी त्यालाच भोवते.” मुलाला हे सांगितल्यावर त्याने नानांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

दुपारी सांबारभात झाला, वर दही. ट्रॅकवर जेवणानंतरचं सेशन म्हणजे डोळे उघडे आणि डोकं वामकुक्षीला. मी नानांच्या मागे अडकलो. तीन लॅप. नाना वाईट चालवत नव्हते, फक्त अत्यंत बरोबर चालवत होते: दर वेळी तीच ब्रेकची जागा, तोच कोपरा, तीच रेघ, गड्डीतल्या नोटांसारखी. सरळ रस्त्यावर त्यांना गाठण्याएवढा जोर माझ्या मुठीत नव्हता आणि ते मान्य करण्याएवढा मनात नव्हता. चौथ्या लॅपला एका उजव्या वळणात मी आतून नाक घातलं. मनात स्वच्छ हिशेब होता: नानाच आहेत, देतील साईड.

नानांनी मान वळवली नाही. ठरल्या रेघेवरून ते शांतपणे कोपऱ्याकडे आले, म्हणजे नेमके माझ्या अंगावर. मी वाकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक पायाखालचा पाट ओढावा तसं गेलं, आणि मी पाठीवर पडून घसरत असताना मला आकाश, माझाच बूट, पुन्हा आकाश, आणि खडीत कोलांट्या घेणारी माझी गाडी असं क्रमाने दिसलं. पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही, एवढं एक वाक्य सेल्फीच्या मधूनही कानात शिरलं होतं. थांबलो. बोटं हलवली. सगळी होती. मार्शलने टायरच्या भिंतीमागे जायची खूण केली. तोवर दुसरा पिवळा झेंडा जीव तोडून हलवत होता.

आणि तेवढ्यात पुढचा लॅप पुरा करून नाना आले. पडलेला माणूस ओळखीचा आहे हे बघून त्यांनी डावा हात वर केला, गाडी कडेला गवतात घेतली, थांबवली, काच वर केली आणि विचारलं, “लागलं का हो?”

ट्रॅकवर याहून भयंकर काही करता येत नाही. पडलेल्यापाशी मार्शल जातात. बाकीच्यांनी हळू होऊन पुढे निघायचं, नाहीतर एकाचे दोन होतात. झेंडेवाला मार्शल ज्या आवाजात ओरडला तो आवाज मी मराठीतही कधी ऐकलेला नाही. नाना त्यालाही “सॉरी हं” म्हणाले, या वेळी नियमाप्रमाणे मागे बघितलं, आणि निघाले. पुढचं काळ्या झेंड्याचं तुम्हाला माहीत आहे.

पॅडॉकमध्ये अधिकारी वही घेऊन बसले होते. माझ्या लेदर सूटचं कोपर उसवलेलं, हँडल वाकडं, ब्रेकचा लिव्हर जागेवर नाही. कसं झालं, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, “टायर जरा…”

“चूक माझी आहे,” नाना मध्येच म्हणाले. “मी मागे बघितलं नाही.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मागे बघायचं नसतं हे आठ तास ज्या गृहस्थाच्या कानीकपाळी ओरडलो, तोच न बघितल्याबद्दल माफी मागतोय, हे त्यांना झेपेना. मग मीच सांगितलं. वळणात, आतून, मागून. त्यांनी लिहून घेतलं आणि करारनाम्याची माझी प्रत पुढे सरकवून म्हणाले, “वाचून सही करा.” मी चाळायला लागलो. नानांनी हळूच आपली प्रत माझ्यापुढे ठेवली. तिसरं पान, पेन्सिलीची रेघ.

वारज्याला टेम्पो पोचला तो मंगळवारी पहाटे. माझी गाडी तशीच पुढे गॅरेजला जायची होती. नानांची खाली उतरली. घर जेमतेम चार किलोमीटर, रस्ता मोकळा. पण त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, पाना काढला, आणि रस्त्याच्या दिव्याखाली उकिडवे बसून आधी टेप सोलली, मग दोन्ही आरसे बसवले. गाडीवर बसून उजवा आरसा बोटाने थोडा वर केला, थोडा आत घेतला. मी मागे टेम्पोच्या फळीवर, हाताला क्रेप बँडेज गुंडाळून बसलेलो.

“हां,” नाना आरशात बघत म्हणाले, “आता दिसताय.” आणि डावा हात हलवून त्यांनी टेम्पोला पुढे व्हायची खूण केली.