चाकूवाले काकाजी

चाकू प्रत्येक घरात असतो. खिशात चाकू घेऊन हिंडणारा माणूस मात्र कॉलनीत एकच असतो. यवतमाळात त्याला काकाजी म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि पँटच्या उजव्या खिशात घडीचा चाकू. डाव्या खिशात रुमाल, पण तो पातं पुसायचा. नाकाचा वेगळा. दारव्ह्याला जा, घाटंजीला जा, पुसदला जा, हे गृहस्थ भेटतातच. आडनाव बदलतं, रुमालांची वाटणी तीच.

काकाजींकडून चाकू मिळत नाही, हे नव्या भाडेकरूला पहिल्याच आठवड्यात कळतं. तो बिचारा दारात जाऊन सरळ म्हणतो, "काकाजी, जरा चाकू द्या नं."

"काय कापाचं आहे?"

हा प्रश्न माहितीसाठी नसतो, मंजुरीसाठी असतो. सुतळी म्हणावं, तर कशाची, किती पदरी, ओली की कोरडी. सगळं ऐकून झालं की काकाजी चपला घालतात. "चाकू देत नसते कोणाले. कापून देत असते." मागितला चाकू, आले काकाजी. बरं, आले म्हणजे कापतीलच असंही नाही. गव्हाच्या पोत्यासमोर उकिडवे बसून ते शिलाईचं टोक शोधतात, गाठ डोळ्यांजवळ नेतात आणि निकाल देतात, "हे कापाचं काम नाही. हे सोडाचं काम आहे." मग नखांनी गाठ सोडणं सुरू होतं. घरातली बाई चहा टाकते, कारण आता दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नसतं. सुटलेली सुतळी चार बोटांवर गुंडाळून काकाजी स्वतःच्याच खिशात टाकतात. चाकू बाहेर निघालेलाच नसतो. माझं तर स्पष्ट मत आहे की कॉलनीत त्यांचा जो दरारा आहे, तो न कापलेल्या वस्तूंमुळे.

कापायचं ठरलं, की मात्र बघत राहावं. सागवानी मूठ, हाताच्या घामानं काळपट चकचकीत झालेली; दोन पितळी खिळे; तीन इंचांचं पोलादी पातं. स्टेनलेस नाही, म्हणून कैरी चिरली की निळं-काळं पडतं. पात्याच्या वरच्या कडेला नखाएवढी खाच. काकाजी त्या खाचेत अंगठ्याचं नख घालतात, पातं अर्धं उघडतात, तिथे जरा थांबतात आणि मग पुरतं उघडतात. टक्! हा आवाज मुठीच्या पाठीतल्या पट्टीचा. तो आला नाही, तर चाकू मिटून पुन्हा उघडायचा, कारण आवाजाशिवाय उघडलेला चाकू त्यांच्या हिशेबी उघडलेला नसतो. सांध्यात महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. धार लावायची काकूंच्या चिनी मातीच्या कपावर. कप उपडा घालून बुडाच्या खरखरीत कडेवर. त्या घरातल्या कपांना कान असतील-नसतील, बुडाला काळ्या रेघा हमखास.

पेरूच्या फोडी ते देठाकडून बुडाकडे करतात आणि फोड हातानं देतात, टोकावर टोचून कधीच नाही. "टोकावर टोचून देते तो माजोरी, अन् खाते तो येडा." एवढं कसब असून घरची भाजी मात्र ते चिरत नाहीत. काकू पावशीवर वांगी चिरत बसतात, काकाजी शेजारी पेपर वाचतात. "हा बाहेरचा चाकू आहे," हे काकाजींचं म्हणणं. माणूसही बाहेरचाच आहे, हे काकूंचं.

हे वेड लागलं जिनिंग-प्रेसिंगमध्ये. जिल्हा कापसाचा. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या दिवसांत हंगामात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या, आणि काकाजी प्रेसवर नमुना काढायच्या कामावर होते. १७० किलोच्या गाठीचं कापड एका बाजूनं चिरायचं, आतून मूठभर रुई ओढायची, चिमटीत ताणून धागा किती निघतो ते पाहायचं. चिरायचं एवढंच, की नंतर दोन टाक्यांत शिवून व्हावं. नोकरी संपली, दोन टाक्यांची काळजी अजून संपलेली नाही.

काकाजींना कायदाही पाठ आहे, म्हणजे चाकूपुरता. पाकिटात लॅमिनेट केलेला कागद असतो. शस्त्र नियम २०१६, वर्ग पाचवा: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे त्यात येतात, घरच्या, शेतीच्या, शास्त्राच्या नाहीतर कारखान्याच्या कामासाठी बनवलेले वगळून. नऊ आणि दोन या आकड्यांखाली लाल रेघ. "आपला तीन इंच. रुंदी पाऊण इंचही नाही. अन् तो खटका दाबून उडणारा रामपुरी तर नाहीच." रामपुरी म्हटलं की १९६५ चा 'वक्त' निघतो आणि राजकुमारनं त्यात चाकूबद्दल जे सुनावलं, ते काकाजी राजकुमारच्याच आवाजात म्हणून दाखवतात. हा भाग मी गाळतो. तुम्हीही संधी मिळाली तर गाळा.

एकदा बसस्टँडवर बंदोबस्तातल्या एका पोरसवदा शिपायानं त्यांचा खिसा चाचपला. काकाजी या क्षणाची किती वर्षं वाट पाहत होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. कागद निघाला. शर्टाच्या खिशातून सहा इंची पट्टी निघाली. चाकू उघडून पट्टीला लावला गेला. "मापून पाहा साहेब." साहेबांनी कागद वाचला नाही, पट्टीकडे पाहिलं नाही. पात्यावरून अंगठा फिरवला, विचारलं, "काकाजी, याच्यानं कापते का काही?" आणि चाकू परत दिला. त्यापेक्षा अटक परवडली असती. त्या रात्री कपाच्या बुडावरची घासाघीस शेजारच्या तीन घरांनी ऐकली.

तरी काकाजींचे खरे हाल होतात ते मनाई आदेशात. सण आले, निवडणूक आली, की जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश निघतो: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७ (१). तिथे इंचांचा हिशेब चालत नाही. तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्या-काठ्या सगळे एका रांगेत. काकाजी पेपरातला आदेश मोठ्यानं वाचतात आणि चाकू काकूंच्या तांदळाच्या डब्यात टाकतात. आता यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे केवढा! बाहेरगावची माणसं रात्र-रात्र मंडळं बघत फिरतात. मंडपाच्या दोऱ्या, झालरी, हार, नारळांची पोती. कापण्याचं वर्षाचं काम नेमकं त्याच नऊ दिवसांत. पोरं धावत येतात, "काकाजी, चाकू!" काकाजी दोन्ही हात रिकाम्या खिशांत घालून म्हणतात, "कलम सदतीस." पोरं दोरी दातानं तोडतात आणि काकाजी मान फिरवतात.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी काठी टेकत येणाऱ्या गुरुजींना अडवलं.

"गुरुजी, काठीही आहे यादीत."

"ही म्हातारपणाची आहे. तिले सूट असते."

"मग माहा चाकू काय जवानीचा आहे?"

पुण्याच्या मुलानं एकदा नागपूरहून विमानाचं तिकीट काढून दिलं. चाकू जवळ ठेवता येत नाही, सामानात टाकावा लागतो, हे कळल्याबरोबर काकाजी धामणगावला जाऊन महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले. मुलगाही हट्टी. त्यानं लाल मुठीचा स्विस चाकू आणून दिला. स्विस सैन्याला १८९१ पासून असा चाकू मिळतो वगैरे सांगितलं. काकाजींनी एकेक पान उघडलं. कात्री, करवत, डबा फोडणी, दातकोरणं. "अन् यातला चाकू कोणता?" बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र दिसलं तेव्हा तर तो मिटून कपाटातच गेला. व्याही वर्ध्याचे, आणि वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी.

तो जुना चाकू काकाजींच्या हातून एकदाच सुटला, आणि तोही लग्नात. कॉलनीतल्या पोराचं लग्न दारव्ह्याला. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती कट्यार हवी, टोकाला लिंबू हवं, म्हणजे बाहेरची बाधा होत नाही. वऱ्हाड पोचलं, लिंबू पोचलं, कट्यार यवतमाळातच राहिली. कोणी अडकित्ता आणला, तो नवरदेवाच्या आईला पसंत पडेना. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एका उजव्या खिशावर येऊन थांबल्या.

"काय कापाचं आहे?" काकाजींनी सवयीनं विचारलं.

"कापाचं काहीच नाही, काकाजी. नुसतं धराचं आहे."

इतक्या वर्षांत या उत्तराची तयारी त्यांनी केली नव्हती. चाकू गेला. पोलादी पात्याच्या टोकावर रसरशीत लिंबू चढलं, तेव्हा काकाजींनी डोळे मिटले. पुढे मात्र त्यांनी चाकूची पाठ सोडली नाही. नवरदेव घोड्यावर, काकाजी लगामापाशी. नवरदेव पाटावर, काकाजी खांद्यामागे. मंगलाष्टकं चालू असताना ते अक्षता टाकत होते नवरा-नवरीवर आणि बघत होते लिंबाकडे. अल्बममध्ये एक फोटो त्यांच्याशिवाय नाही. सप्तपदीत तर आठवं पाऊल त्यांचंच दिसतं. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाचे थोरले काका असावेत. त्यांनी टॉवेल-टोपीचा आहेर केला. काकाजींनी तो घेतला, कारण नाही म्हणायला हात मोकळे असले तरी लक्ष मोकळं नव्हतं.

लग्न लागल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. नवरदेवाच्या आईनं सांगितलं, "कांकण सुटेपर्यंत नाही देता येत, काकाजी." कांकण सुटायला आणखी दोन दिवस होते. काकाजी सकाळ-दुपार-संध्याकाळ त्यांच्या दारात. "कांकण कधी?" नवी सून बिचारी दर वेळी डोक्यावर पदर घेऊन पाया पडायची, तिला वाटलं, ही इकडची रीतच असेल.

चाकू परत आला तेव्हा पातं अर्धं काळं पडलेलं, खाचेत लिंबाचा गर, सांधा गच्च. काकाजींनी तो चुलीच्या राखेनं घासला, तेल सोडलं, कपाचं बूड झिजवलं. टक् हा आवाज परत यायला पंधरवडा गेला, आणि त्या पंधरवड्यात कॉलनीतल्या ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या लोकांनी किल्ल्यांनी, पेनांनी, पोळपाटाच्या कडेनं उचकटल्या. एका बाईंनी खोक्याबरोबर आतली नवी साडीही फाडली. हे उदाहरण काकाजी आता कायद्याच्या कागदाच्या जोडीनं वापरतात.

त्यानंतर ते आर्णीच्या यात्रेला गेले आणि दुसरा चाकू घेऊन आले. प्लॅस्टिकची मूठ, पातं स्टेनलेस, धार अजिबात नाही. हा द्यायचा चाकू. मागणाऱ्याला तोच मिळतो, लगेच मिळतो, प्रश्न विचारला जात नाही, आणि त्यानं काहीही कापलं जात नाही. म्हणून यवतमाळात कधी चाकू मागायची पाळी आली, तर "जुना द्या" असं म्हणा. तो मिळणार नाही, पण काकाजी चपला घालून येतील. चहाचं आधण आधीच ठेवा.