समता कॉलोनीचा समुद्र

रायपूरला मरीन ड्राइव्ह आहे. समुद्र तेवढा नाही. तेलीबांधा तलावाचा काठ बांधून काढला, फरसबंदी झाली, दिवे लागले आणि सगळ्या गावाने एकमताने त्याला मरीन ड्राइव्ह म्हणायला सुरुवात केली. ‘संध्याकाळी मरीन ड्राइव्हला भेटू’ असं इथला माणूस सांगतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मुंबईचा पाहुणा आला की आधी हसतो, मग आइस्क्रीम खातो, मग मुकाट्याने पाण्याकडे बघत बसतो. भरती-ओहोटीचं काय, असं त्याने विचारलंच तर आम्ही सांगतो, असते की! ऑगस्टात भरती, मे महिन्यात ओहोटी.

खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. समता कॉलोनीतून (पुण्याची आत्या पत्त्यावर ‘कॉलनी’ लिहायची, पोस्टमन दोन्ही ओळखायचा) मुंबईचा समुद्र गाठायचा तर अकराशेहून जास्त किलोमीटर. विशाखापट्टणमचा गाठायचा तर पाचशेच्या थोडं पुढे. हिशेब चौथीच्या मुलालाही सुटेल. पण मराठी घरात समुद्राचा हिशेब किलोमीटरमध्ये होत नाही. आमच्याकडे समुद्र म्हटलं की सगळ्यांची तोंडं आपोआप पश्चिमेला वळतात. आमचे पूर्वज भंडारा-वर्ध्याकडून आले, त्यांच्यापैकी कुणी हर्णै-मुरुडला पाय भिजवल्याचं ऐकिवात नाही. पोफळीची बाग आम्ही मराठी मालिकांतच पाहिलेली. तरी एप्रिल लागला की चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळात कुणीतरी म्हणतंच, “यंदा आपल्या कोकणात जाऊ या.” ‘आपल्या’वर जोर असतो. मग कोकणाचा नकाशा, गाड्या, बदल्या, नागपूरला उतरायचं की थेट जायचं, कोकण रेल्वेचं आरक्षण कधी संपतं, यावर आठवडाभर चर्चा होते आणि शेवटी सगळे विशाखापट्टणमला जातात.

तसा पूर्वेचा समुद्र आम्हाला अगदीच परका नाही. नागपूरकर भोसल्यांकडे 1751 पासून 1803 पर्यंत ओडिशा होता. पुरीला जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर जो अरुणस्तंभ उभा आहे, तो मूळचा कोणार्कचा, मराठ्यांच्या अमलात पुरीला आणलेला. पुढे 1803 च्या डिसेंबरात देवगावच्या तहात कटक प्रांत इंग्रजांकडे गेला आणि मराठी माणसाचा पूर्वेचा किनारा संपला. आमचे एक काका हा तह अजून मनाला लावून घेतात. “तेव्हा सही केली नसती तर आज पुरीला आपला बंगला असता,” असं ते दर उन्हाळ्यात म्हणतात. काकांचा बंगला रायपुरातही नाही, हे काकू दर उन्हाळ्यात म्हणतात.

भूगोल तर बिनतोड आमच्या विरुद्ध आहे. रायपूरची नदी खारून. ती शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला आणि महानदी बंगालच्या उपसागराला. समता कॉलोनीत कुणी अंगण धुतलं तर ते पाणी कितीही हट्ट केला तरी रत्नागिरीला जाणार नाही. आमचं सांडपाणीसुद्धा पूर्वेचं. आम्हीच काय ते अडून बसलेले.

सुट्टीचा खरा निर्णय मात्र ना इतिहास घेतो ना भूगोल. तो घेतो नवतपा. 25 मेच्या आसपास नऊ दिवस सूर्य रायपूरवर बैठक मारतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस दाखवतो, कूलरमधली खसची टट्टी दुपारीच सुकून खडखडते, भाजीवाली सकाळी सातलाच टोपली गुंडाळते. घराघरात बोरे बासी सुरू होते. रात्रीचा भात पाण्यात, वर कांदा. आमच्या मराठी घरात ती ताकातल्या भातासारखी लिंबाच्या लोणच्याशी खातात आणि आपण छत्तीसगडी झालो नाही असं समजतात. अशा दिवसांत भाजीवालीने विचारलं, “समुंदर देखे बर जावत हव का दाई?” की आई नुसतं ‘हो’ म्हणते. कुठला समुंदर, हे सांगायचं त्राण नसतं.

गाडीचं नाव ऐकून बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही थट्टा करतो. दिल्लीहून निघून नागपूर, रायपूर, टिटलागड, रायगडा करत विशाखापट्टणमला जाणाऱ्या गाडीचं नाव समता एक्सप्रेस. समता कॉलोनीचा आणि तिचा काहीही संबंध नाही. तरी आमच्या गल्लीतली पोरं ती आपल्या घरचीच गाडी असल्यासारखी वागवतात आणि ती उशिरा आली की शरमिंदी होतात. 2024 च्या सप्टेंबरपासून दुर्गहून विशाखापट्टणमला वंदे भारतही सुटते, सकाळी निघून आठेक तासांत पोचवते. सोय मोठी, पण डब्यांचं गणित बिघडलं. काकूंनी धपाटे, दशम्या, ठेचा आणि शेजारच्या भाभींनी दिलेली ठेठरी असा दोन दिवसांचा शिधा बांधलेला असतो. दुसरा डबा उघडायच्या आत विजयनगरम येतं आणि ठेठरी तशीच समुद्र बघून परत येते.

या वाटेवरचा टिटलागड हा निसर्गाचा एक विनोद आहे. रायपूरच्या उन्हातून पळून समुद्राकडे निघालेल्या माणसाला मधे टिटलागड लागतं, आणि 2003 च्या जूनमध्ये तिथल्या पाऱ्याने पन्नाशी ओलांडल्याची नोंद आहे. एसी डब्याच्या काचेतून आम्ही ते स्टेशन मोठ्या आदराने बघतो. रायपूरच्या माणसाला आपल्याहून जास्त भोगणारं कुणी भेटलं की फार बरं वाटतं. मग मुनिगुडा-रायगडाकडे पूर्वघाट सुरू होतो, उन्हाचा पिवळेपणा जाऊन हिरवं काही दिसू लागतं आणि डब्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘हवा बदलली’ म्हणतं. खिडक्या उघडत नाहीत, तरी म्हणतं.

ही लाइन कुणासाठी घातली, ते गमतीचं आहे. आमच्यासाठी नाही. मध्य प्रांतातलं मँगनीज बंदरावर पोचावं म्हणून बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर-विजयनगरम मार्ग पुरा केला, 1931 साली. विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं 1933 साली. म्हणजे सुट्टीला जाणारा मराठी कुटुंबकबिला ही त्या मार्गावरची नंतरची किरकोळ भर. मुख्य प्रवासी दगड. पुढे 1960 च्या दशकात बैलाडिलाचं लोहखनिज जपानला धाडण्यासाठी कोत्तवलसा-किरंदुल लाइन पूर्वघाट फोडून काढली, तिथेही तेच. बस्तरचा लाल दगड वर्षाचे बारा महिने, विनातिकीट, अराकूच्या दऱ्या बघत समुद्रावर जातो. आमच्या राज्यातून सगळ्यात जास्त वेळा समुद्र कुणी पाहिला असेल तर त्याने. आम्ही रजेचा अर्ज टाकून, वरिष्ठांची मनधरणी करून जेमतेम चार दिवस जातो.

तर विशाखापट्टणम. आमच्या आजोबांच्या तोंडी हे नाव नसे, ते वॉल्टेअर म्हणत. तेव्हा रेल्वेचा विभाग वॉल्टेअर, म्हणून गावही वॉल्टेअर. आता नातवंडं ‘वायझॅग’ म्हणतात. त्यांची आजी मधल्या पिढीची, ती ‘विशाखापट्टणम’चा पूर्ण उच्चार करते आणि तेवढ्यात रिक्षा निघून जाते.

इथे समुद्रावर सूर्य उगवतो. हे वाक्य साधं दिसतं, पण मराठी माणसाला पचायला जड आहे. आपल्या मनातला समुद्र संध्याकाळचा. सूर्य बुडतो, केशरी होतं, कुणीतरी एकटं उभं असतं, मराठी कविता अर्धी तिथेच झाली. शिवाय फोटो. मुंबई-पुण्याची भावंडं तळहातावर मावळता सूर्य धरून फोटो पाठवतात. त्यांचे केस विंचरलेले, पोटात भेळ, मूड निवांत. आम्हाला तोच फोटो काढायचा तर मे महिन्यात सव्वापाचला आर. के. बीचवर हजर राहावं लागतं. काकांच्या डोळ्यांत झोप, काकूंच्या केसांत क्लिपा, तळहातावर सूर्य, आणि सूर्य चांगला आला तर काका मिटलेले. आमच्या अल्बमात पूर्वेच्या समुद्राचे जेवढे फोटो आहेत तेवढे जांभईचेही आहेत. पण त्यातही एक उमदेपणा आहे. मावळत्या सूर्यापाशी माणूस आपोआप खोल-खोल बोलू लागतो. उगवत्या सूर्यापाशी तो फक्त ‘इथे चहा कुठे मिळेल?’ एवढंच विचारतो. सुट्टीत मला दुसरा माणूस जास्त आवडतो.

चहा मिळतो. शेजारी एखादं बंगाली कुटुंब हमखास असतं, मे महिन्यातही थर्मास घेऊन, कानाला वारा लागू नये म्हणून रुमाल बांधून. बंगाली आणि रायपूरकर हे या किनाऱ्याचे जुने पाहुणे. एकमेकांची भाषा कळत नाही, पण मुलं पाण्यात गेल्यावर दोन्हीकडच्या आया ज्या स्वरात ओरडतात तो एकच. ओरडणं बरोबरच असतं. हा समुद्र दिसतो शांत, पण आतून ओढतो. तसे फलक लावलेले आहेत आणि शिट्टी फुंकणारे लोकही. घोटाभर पाण्यात उभं राहून समाधान मानावं. पोहायचंच म्हणणाऱ्यांसाठी ऋषिकोंडा आहे, 2020 साली त्याला ‘ब्लू फ्लॅग’चा मान मिळाला. आमचे काका मान मिळालेल्या पाण्यातही घोट्यापलीकडे गेले नाहीत.

बीचवरच आयएनएस कुरसुरा पाणबुडी उभी आहे. सोव्हिएत बनावटीची, 1969 साली नौदलात दाखल झालेली, 2001 साली निवृत्त, आणि आता वाळूवर संग्रहालय होऊन लोकांची वर्दळ सोसणारी. आत निवृत्त नौसैनिक माहिती देतात. एका टोकाने शिरून दुसऱ्याने बाहेर पडायचं, मधे गोल झडपा, त्यातून एकेक पाय टाकून वाकून जायचं. इतकी माणसं महिनोन्‌महिने एवढ्याशा जागेत कशी राहत असतील, असा सगळ्यांना प्रश्न पडतो. मधल्या काकूंना पडला नाही. त्यांनी बंकांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “लग्नघरासारखंच आहे की.”

दोन दिवस समुद्र झाला की डोंगर. हा या गावाचा मोठा गुण. सकाळी किरंदुलच्या गाडीत बसलं की शृंगवरपुकोटानंतर चढ सुरू होतो. या मार्गावर 58 बोगदे. प्रत्येक बोगद्यात डब्यातली सगळी मुलं किंचाळतात, पहिल्यात उत्साहाने, तिसाव्यात कर्तव्य म्हणून. शिमिलीगुडा स्टेशन आलं की कुणीतरी जाणकार उठून सांगतो की हे एकेकाळी ब्रॉडगेजवरचं देशातलं सर्वांत उंच स्टेशन होतं, 996 मीटर. आणि समोरून, आपली गाडी बाजूला थांबवून, वाघिणीमागून वाघिणी लाल दगड उतरत जातो. मुलांना दाखवावं, तो बघा, तो आपल्याकडचा. मुलं हात हलवतात.

डोंगरात मात्र रायपूरच्या माणसाचा स्वभाव उफाळून येतो. बोर्राच्या गुहा बघून काका म्हणतात, ‘कुटुमसर पाहिलीय का तुम्ही?’ चापराईचं पाणी दगडांवरून खळाळताना बघून म्हणतात, ‘आमचा चित्रकोट बघा एकदा.’ अराकूच्या आदिवासी संग्रहालयात तर तिकीट काढण्यापासूनच कुरकुर, कारण बस्तर घरचं. हे सगळं खरंही आहे. जंगल, धबधबे, गुहा, साल, मोहा यांतलं आम्हाला काही कमी नाही, कमी फक्त समुद्र आहे, आणि तो बघून झाल्यावरही आम्ही पैसे मोजून पुन्हा जंगलातच येतो. बांबूत भाजलेली कोंबडी आणि कॉफी या दोन बाबतींत काका गप्प असतात. अनंतगिरीच्या उतारावर सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, ओकच्या खोडावर मिरीचे वेल, आणि 2019 पासून अराकूच्या कॉफीला भौगोलिक मानांकनही आहे. काका ती पितात आणि चहाची आठवण काढत नाहीत, ही त्यांची दाद.

याच डोंगरात गोस्तनी नदी निघते. बोर्राच्या पोटाखालून वाहते, ताटीपुडीच्या धरणात थांबून शहराला पाणी देते आणि भीमुनिपट्टणमला समुद्रात जाते. भीमुनिपट्टणमला डचांची वखार होती, त्यांची जुनी कबरस्तानं अजून आहेत. हजारो मैलांवरून आलेले ते व्यापारी इथल्या किनाऱ्याला सरावले, तिथेच राहिले. आम्ही पाचशे किलोमीटरवरून येऊन तीन पिढ्या झाल्या तरी अजून ‘खरा समुद्र तिकडे’ म्हणतो. आता रायपूर-विशाखापट्टणम असा 464 किलोमीटरचा सहापदरी रस्ता होतोय. गाडीने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला बीचवर, असं सगळे सांगतात. जवळ आलेल्या समुद्राला लोक काय किंमत देतील, अशी आजीला शंका आहे. तिचा कल सिंहाचलमकडे जास्त. तिथला वराह-नरसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असतो, मूळ रूपात दिसतो ते फक्त अक्षय्य तृतीयेला. “देवाला कळतं, रोज दिसायचं नसतं,” म्हणते.

अखेर एका वर्षी कोकण घडलं. आत्यानेच आग्रह केला, गाड्या बदलत-बदलत आम्ही गणपतीपुळ्याला पोचलो. समुद्र तोच, आणखी निळा, मागे डोंगर, नारळ, सगळं मालिकेत दाखवतात तसं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मुलं सवयीने उठून, टॉवेल खांद्यावर टाकून वाळूत जाऊन बसली. साडेपाच झाले, सहा झाले. उजेड आला, पण समुद्रातून काही वर येईना. आत्या शोधत आली. तिने समजावलं की इथे सूर्य मागच्या डोंगरावरून येतो, समुद्रात तो संध्याकाळी बुडतो.

धाकट्याने जरा विचार केला. “मग इथले लोक सकाळी काय करतात?”

“झोपतात,” आत्या म्हणाली. “सुट्टी असते ना.”

काका हे ऐकून इतके खूश झाले की पुढचे तीन दिवस त्यांनी देवगावच्या तहाचं नावही काढलं नाही.