टेपनाना

कोंडाणे म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला तानाजी आठवतो. तो कोंडाणा निराळा. आमचं कोंडाणे कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी. इथं लेणी आहेत, पावसाळ्यात धबधबे आहेत आणि बारमाही टेपनाना आहेत.

नानांच्या सदऱ्याच्या खिशात पाच मीटरचा टेप असतो. लग्नाला जाताना सदरा बदलतो, टेप बदलत नाही. अक्षता टाकून झाल्या की नाना थेट यजमानांच्या स्वयंपाकघरात शिरतात. पंगत बसेपर्यंत ओटा, खिडकी, मोरी असं सगळं मोजून होतं, आणि मग तिथल्या माउलीला प्रश्न येतो, "वहिनी, फोडणीचा ठसका कुठनं बाहेर जातो हो?" हा प्रश्न त्या घरात आजवर कोणी विचारलेला नसतो. वहिनी पदर तोंडाला लावून हसतात, पण रात्री नवऱ्याला तोच प्रश्न विचारतात. नानांची कीर्ती अशी घरोघर पसरली.

मुळात हे सगळं सुरू झालं ते काकूंच्या एका वाक्यावरून. नाना रेल्वेतून निवृत्त झाले, हातात पैसे आले, तेव्हा काकूंनी ना पाटल्या मागितल्या ना काशीयात्रा. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, मागचं स्वयंपाकघर तेवढं वाढवा. दोन बायका एकदम उभ्या राहिल्या की पाठीला पाठ लागते." नाना म्हणाले, "करू. पण अभ्यास करून." हे 'पण' काकूंच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

अभ्यास आषाढात सुरू झाला. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. कर्जतच्या पावसाळ्यात ते दुसरं करतंच काय! नानांनी घराच्या प्रत्येक कोपऱ्यात मिठाची एकेक वाटी ठेवली. ज्या वाटीला शेवटी पाणी सुटेल तो कोपरा सर्वांत हवेशीर, असा सिद्धांत होता. सगळ्या वाट्यांना एकाच दिवशी पाणी सुटलं. नाना दोन दिवस गप्प होते. काकूंनी ते मीठ गोळा करून सुक्या बोंबलाच्या कालवणात संपवलं.

मग ऊन. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य नेमका डोक्यावरून जातो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूला सावली पडत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणजे ज्या उत्तरेच्या भिंतीला आपण थंड समजतो तिच्यावरही ऊन येतं. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला नानांनी भर मे महिन्यात अंगणात लाटणं उभं केलं. लाटणं उभं राहीना, म्हणून कणकेच्या गोळ्यात रोवलं. सावली खरंच नाहीशी झाली. त्या दिवशीच्या पोळ्याही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. माणूस खुळा वाटतो, पण बोलतो ते खरं बोलतो. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून येतो. ज्यांचं स्वयंपाकघर घराच्या नैर्ऋत्येला, त्यांच्या माजघरात चार महिने फोडणी वस्तीला असते. धूर आणि वाफ वर जाते, तिला आढ्याजवळ वाट हवी. स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा जड. गळला तर खाली जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवी. वरची खिडकी उघडून तो जात नाही. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीनं ठेवायची नाही, उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या कोपरापेक्षा चार बोटं खाली ठेवायची. यासाठी नानांनी काकूंचा कोपर मोजला, तोही त्या पुरण वाटत असताना. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं.

एवढं सगळं कळतं तर घोडं अडलं कुठे? दिशेला. घराचं तोंड पश्चिमेला, वाढवायला जागा मागे पूर्वेला. वाऱ्याच्या हिशेबानं ईशान्य कोपरा उत्तम, पण तिथे विहीर. शिवाय डोंबिवलीच्या वन्संनी फोनवर सांगितलं, "ईशान्य देवाची, तिथं विस्तव नको. आग्नेयच पाहिजे." आग्नेयेला सासऱ्यांच्या हातचा कापा फणस. तो तोडायचा विषय काढला तेव्हा काकू म्हणाल्या, "आधी मला तोडा." उरला मधला भाग. तिथे न्हाणीघर. न्हाणीघर हलवायचं तर शोषखड्डा हलवायचा, आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब पाहिजे, म्हणजे पुन्हा फणस. या चक्रात नाना दर वर्षी होळीनंतर शिरतात आणि मृगापर्यंत फिरतात.

वाद फारच पेटला की नाना समोरच्याला लेण्यांवर घेऊन जातात. मीही गेलोय. चढताना दम लागतो, त्यामुळे वर पोचेपर्यंत आपले मुद्दे निम्मे झालेले असतात. हीनयान काळातली, सुमारे 2000 वर्षांपूर्वीची ही लेणी. पावसाळ्यात कड्यावरून पाणी खाली कोसळतं ते लेण्यांच्या पुढ्यात. नाना त्या धारेमागे उभे राहतात आणि ओरडून सांगतात (ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही), "याला म्हणतात छज्जा! पाणी पुढं, माणूस मागं! आणि तुमचा इंजिनिअर खिडकीवर वीतभर पट्टी काढतो!" मग चैत्यगृहाच्या दर्शनी भागाकडे बोट. तिथे दगडात लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल कोरली आहे, कारण आधीची घरं लाकडाची आणि हाताला सवय तीच. "बघ, दगड आला तरी लाकूड सुटलं नाही. गॅस आला तरी हिची चूल सुटत नाही. तेव्हा नव्या स्वयंपाकघरात चुलीला जागा ठेवलीच पाहिजे." या एका बाबतीत नानांचं आणि काकूंचं एकमत आहे.

डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. नाना तिथे हात जोडतात. बुद्धाला नव्हे, बलकाला. "कामावर नाव घातलं, गड्यानं! आपल्या गवंड्याला म्हणा, ओट्यावर नाव कोर. कोरेल? पहिल्या पावसात लोक पत्ता शोधत येतील."

छपराचा विषय मी टाळणार होतो, पण त्याशिवाय नाना पुरे होत नाहीत. स्लॅब घातला तर दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खाली सोडतो. शिवाय पाचेक वर्षांत गळतो, मग त्यावर पत्र्याची शेड येते. आमच्या भागात निम्मे स्लॅब असे टोपी घालून बसलेत. पत्रा घालावा तर पावसात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. (काकू म्हणतात, "मग पत्राच घाला.") कौलं सगळ्यांत चांगली: उतारावरून पाणी निथळतं, फटींतून वाफ जाते. 1865 साली बासेल मिशननं मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं किनाऱ्यानं वर चढत कोकणभर झाली. पण माकडं! माकडांनी एका दुपारी फोडलेली कौलं परतायला माणूस मिळत नाही. नानांचा शेवटचा निर्णय असा की खाली कौलं, वर जाळी आणि माकडांसाठी फणस. म्हणजे फणस तोडायचा नाही. म्हणजे आग्नेय बाद.

गवंडी बिचारा दर वर्षी येतो. नाना अंगणात फक्कीनं आखणी करतात, पुसतात, वीतभर सरकवून पुन्हा करतात. गवंडी उकिडवा बसून तंबाखू मळतो. "नाना, पाऊस लागला की मी लावणीला जाणार. काय ते आत्ता सांगा." नाना म्हणतात, "घाईत बांधलेलं आयुष्यभर पुसावं लागतं." पहिल्या सरीत फक्की वाहून जाते. मध्यंतरी मी काकूंना विचारलं, मिरच्या कुठे वाळत घातल्यात? त्यांनी अंगणातल्या पांढऱ्या चौकोनाकडे मान उडवली. "माझ्या नव्या स्वयंपाकघरात. हवा भरपूर आहे."

गंमत म्हणजे नानांच्या सल्ल्यानं आजूबाजूच्या वाड्यांत कितीतरी स्वयंपाकघरं झाली, आणि एकही वाईट नाही. पूर्वेची खिडकी, त्यामुळे सकाळच्या उन्हानं ओल मरते. आढ्याखाली जाळी, त्यामुळे डोळे चुरचुरत नाहीत. मागे पागोळ्यांच्या आत दोन हात पडवी, तिथे फाटी कोरडी राहतात आणि आगोटीला भरलेले डबेही. कर्जतला गाडीच्या मागे जोडलेलं इंजिन घाट चढेपर्यंत सगळा जोर लावतं, लोणावळ्याला सुटतं आणि एकटंच खाली परत येतं. त्याला पुणं कधी दिसत नाही. नानांची आयुष्यभराची नोकरी याच मार्गावर झाली, त्याचा हा परिणाम असावा.

परवा एका घराच्या वास्तुशांतीला गेलो होतो. यजमानीणबाई कौतुकानं नवा ओटा दाखवत होत्या. काकू त्या ओट्याशी उभ्या राहिल्या, कोपर टेकवून पाहिला. उंची अचूक काकूंच्या मापाची निघाली. त्या नानांकडे वळल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझं माप गावभर वाटलंत. आता मीच एकेका घरी जाऊन स्वयंपाक करते." नाना त्या वेळी खिडकी मोजत होते. त्यांनी आकडा लिहून घेतला आणि म्हणाले, "दोन इंच कमी पडली."

तेव्हा कर्जत-खालापुरात कोणाला स्वयंपाकघर वाढवायचं असेल तर नानांना जरूर बोलवा. सल्ला फुकट आहे, फक्त चहा बिनसाखरेचा लागतो. होळीच्या आत बोलवा, कारण अक्षय्य तृतीया उलटली की गवंडी हाती लागत नाही. आणि नानांनी खिडकीच्या जागेवर बोट ठेवलं की तिथल्या तिथे कोळशानं फुली मारा. दुसऱ्यांदा विचारू नका.