हमी दिल्लीची, गल्ली बिनधनी

एखाद्या गरीब देशात निवडणूक लांबली की देणगीदार देशांचे राजदूत पत्रकं काढतात, मदत रोखण्याची तंबी देतात. बेंगळुरूच्या वाट्याला असलं काही आलं नाही. तिथल्या महापालिकेचं मतदान ऑगस्ट 2015 मध्ये झालं, सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि प्रशासक बसला. सप्टेंबर 2025 मध्ये एकीच्या पाच महापालिका झाल्या. नगरसेवक? तेव्हा पाचांत मिळून शून्य!

दरम्यान जपानच्या ‘जायका’ या मदतसंस्थेच्या कर्जातून कावेरीचं पाणी आलं, मेट्रोला आशियाई विकास बँकेने पैसे दिले. सावकाराला हमी दिल्लीची पुरते. गल्लीत नगरसेवक आहे की नाही, कोण बघतो?

शहरातल्या इलेक्ट्रॉनिक सिटी या आयटी वसाहतीने तर निवडणुकीची कटकटच ठेवली नाही. तिथे 2013 पासून औद्योगिक वसाहतीचं प्राधिकरण कर गोळा करतं. त्यावर माणसं नेमली जातात, निवडली जात नाहीत. तिथल्या मेट्रो स्थानकाच्या पाटीवरही कोनप्पन अग्रहार या गावाच्या नावाआधी इन्फोसिस फाउंडेशन आहे.

तिथल्या मराठी अभियंत्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये.