तेवीस किलोंचा गारठा

एप्रिल लागला की पुण्या-नाशकातल्या आणि नागपुरातल्या निवृत्त घरांत एक वार्षिक विधी सुरू होतो. बाहेर पारा चाळिशीकडे निघालेला असतो आणि आत पंख्याखाली, कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यातून, डांबरगोळ्यांच्या वासासकट स्वेटर खाली उतरत असतात. मुलाकडे किंवा लेकीकडे कॅलिफोर्नियाला जायचं असतं. तिकडची हवा भारी लहरी, हे जाऊन आलेल्या प्रत्येकाने सांगितलेलं असतं आणि त्यात खोटं काही नाही. मात्र या खऱ्या विधानातून ‘म्हणून भरपूर आणि जाडजूड कपडे न्यावेत’ हा निष्कर्ष कसा निघतो, हे कळायला तर्कशास्त्र पुरत नाही, त्याला नातेवाईकच लागतात. हवा जितकी लहरी तितके कपडे पातळ आणि मोजके हवेत, असं या सदराचं म्हणणं आहे. ते जनमताच्या विरुद्ध असल्याने पुरावे देणं आलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातालगतचा प्रदेश घ्या, कारण मराठी आईवडिलांची उन्हाळी आवक तिथे मोठी आहे. जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्को शहरात दुपारचं सरासरी तापमान १९-२० अंशांच्या आसपास असतं. त्याच दुपारी डोंगरापलीकडच्या डब्लिन-प्लेझंटन पट्ट्यात, जिथे घराच्या दारावर तोरण आणि गॅरेजमध्ये तांदळाची पोती सापडतात, पारा तिशीच्या घरात असतो. तिथल्या ‘बार्ट’ या लोकल रेल्वेने हे अंतर तासाभराचं. यात जादू नाही. वायव्येचा वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी लोटून देतो, खालचं गार पाणी वर येतं, त्यावरून जाणाऱ्या दमट हवेचं धुकं होतं. आतल्या मोठ्या खोऱ्यात, सॅक्रामेंटो-फ्रेस्नोकडे, जमीन भाजून निघाली की तिथली तापलेली हवा वर चढते आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार हवा डोंगररांगेतल्या खिंडीतून, म्हणजे थेट गोल्डन गेटमधून, आत घुसते. म्हणजे खोऱ्यात जितकं रणरणतं ऊन, तितका गोल्डन गेटवरच्या पुलावर बोचरा वारा. सॅन फ्रान्सिस्को शहराचा सगळ्यात उबदार महिना सप्टेंबर आहे, तेव्हा ‘मे-जून म्हणजे उन्हाळाच की’ हे आपलं पंचांगही तिथे चालत नाही. त्यातून नातवंडं तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. ६० अंश ऐकून आजोबा सुती शर्टावर बाहेर पडतात, आणि ते साडेपंधरा सेल्सिअस होते हे त्यांना पुलाच्या मध्यावर उमगतं.

आता या परिस्थितीत जाड स्वेटर काय कामगिरी बजावतो ते पाहू. घरून निघताना तीस अंश असतात, म्हणून तो अंगात नसतो. हातात धरायला अवजड, म्हणून गाडीच्या डिकीत जातो. पुलावर वारा सुटतो तेव्हा गाडी पार्किंगमध्ये आणि स्वेटर गाडीत असतो. समजा निष्ठेने अंगात घातलाच, तरी हाताने विणलेल्या स्वेटरच्या जाळीतून वारा आरपार जातो. मग धक्क्यावरच्या दुकानातून शहराचं नाव छापलेला सदरा विकत घेतला जातो. भर उन्हाळ्यात कुडकुडणाऱ्या पाहुण्यांना उबदार कपडे विकणं हा त्या शहरातला प्रामाणिक आणि भरभराटीचा धंदा आहे. एका जाड कपड्याला दोनच अवस्था माहीत असतात: अंगात किंवा ओझ्यात. लहरी हवेला पाच-सहा अवस्था असतात. हे गणित थरांनीच सुटतं: आत सुती किंवा पातळ लोकरीचं काहीतरी, त्यावर पूर्ण बाह्यांचा हलका सदरा, त्यावर वारा अडवणारी, पिशवीत मुठीएवढी घडी होणारी विंडचीटर. ऊब कापडापेक्षा त्यात अडकलेल्या हवेत असते. हे महाराष्ट्राला परदेशातून शिकायची गरज नाही. ज्या समाजाने जुन्या साड्या-धोतरांचे थर टाक्यांनी जोडून गोधडी शिवली, त्याला थरांचं शास्त्र समजावणं उद्धटपणाचंच. शिवाय फेब्रुवारीतल्या पुण्यात पहाटे बारा-तेरा आणि दुपारी बत्तिसाच्या आसपास अशी वीस अंशांची उडी माणसं रोज मारतात. पहाटेच्या फेरीला कानटोपी आणि दुपारी बनियन, हे वेळापत्रक ज्याने वर्षानुवर्षं पाळलं, तो बदलत्या हवेचा पदवीधर आहे. पासपोर्टवर शिक्का बसल्याबरोबर तो पुन्हा बालवर्गात का बसतो, हे कोडं आहे.

यावर पहिला आक्षेप वयाचा आणि तो रास्त आहे. साठी-सत्तरीत शरीराला ऊब टिकवणं जड जातं, थंडी लवकर वाजते. पण त्यातून थर एक जास्त घ्यावा एवढंच निघतं. डोक्याला टोपी, गळ्याला पातळ मफलर आणि पायात मोजे यांनी जे साधतं, ते बॅगेच्या तळाशी शिस्तीत पडलेल्या दीड किलोच्या लोकरीने साधत नाही. दुसरा आक्षेप मुक्कामाचा. सहा महिने राहायचं, मग सहा महिन्यांचे कपडे नकोत? नकोत. मुलाच्या घरी धुण्याचं यंत्र असतं आणि ते आठवड्याला चालतं, त्यामुळे मुक्काम महिन्याचा असो की सहाचा, कपडे आठ-दहा दिवसांचेच लागतात. ड्रायरमध्ये सुती कुडता आटतो आणि नातवाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, ही तक्रार खरी आहे. पण तिचं उत्तर दोरीवर आहे, चौदा जोड नेण्यात नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ साली कायदा करून घरमालकांच्या संघटनांना खाजगी परसात दोरी बांधण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही असं ठरवलं. त्याच कायद्याने हेही बजावलं की बाल्कनी किंवा कठडा म्हणजे वाळत घालायची दोरी नव्हे. गिरगाव-दादरच्या चाळींची संस्कृती जणू डोळ्यांपुढे ठेवूनच हे कलम लिहिलं असावं. तेव्हा पातळ, चटकन सुकणारं कापड न्यावं आणि ते परसातच वाळवावं. कठड्यावर साडी सोडून देशाची प्रतिमा उंचावण्याचा मोह आवरावा.

तिसरा आक्षेप सहलींचा असतो. टाहो सरोवर, योसेमिटी, एखाद्या उत्साही जावयाच्या बाबतीत अलास्कासुद्धा. तिथे खरी थंडी, मग जाड जाकीट नको? हवं, पण ते तिथेच आहे. संगणक कंपन्यांच्या त्या मुलखात प्रत्येक कपाटात फुकट मिळालेल्या जाकिटांचा ढीग असतो. काहींवर बंद पडलेल्या कंपन्यांची नावं असतात. आजी पाचवारीवर असलं जाकीट चढवून आणि पायात स्पोर्ट शूज घालून फिरते, तेव्हा थंडीही भागते आणि बुडालेल्या कंपनीची जाहिरातही होते. यावर ‘फोटोत कसं दिसेल?’ असा प्रश्न येतो, आणि इथे आपण मूळ कारणाशी पोचतो. बॅग हवेसाठी भरलेली नसते. सहा महिन्यांच्या फोटोंत तोच कुडता दोनदा दिसला तर भावकीच्या व्हॉट्सॲप गटात काय बोललं जाईल, सूनबाईंना आपण साधेच वाटू का, आणि धाकट्या जावेने परवा दिलेली शाल नेली नाही हे तिला कळलं तर काय, या तीन प्रश्नांसाठी ती भरलेली असते. हवा फक्त साक्षीदार म्हणून उभी केली जाते, कारण ती उलटतपासणीला येत नाही.

समारंभासाठी न्यायच्या पैठणीचा मुद्दा मात्र मान्य करायला हवा. २०२४ साली उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच भागात, सॅन होजेत भरलं होतं. अशा सोहळ्याला विंडचीटरमध्ये कुणी जात नाही, जाऊही नये. पण बाहेर ऊन असताना मोठ्या सभागृहातला वातानुकूलित गारठा हीच तिथली खरी थंडी असते, आणि तिथे पैठणी अंगाभोवती चांगले दोन-तीन थर देते. तेव्हा तिची नोंद उबदार कपड्यांत करायला या सदराची हरकत नाही.

असा सगळा जमाखर्च मांडला तर माणशी कपडे सात-आठ किलोंत बसतात. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा नेऊ देणारी विमान कंपनी असेल, तर मागे उरतात अडतीस किलो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू यांना इतके दिवस जागा नव्हती ती स्वेटरांमुळे. आता ती आहे. तिथल्या विमानतळावर मात्र खाण्याचे पदार्थ आणल्याचं खरं सांगावं लागतं, आणि लाडवाला स्वेटरात गुंडाळण्याची सोयही आता राहिलेली नसेल.